शिक्षणशास्त्र पीएच.डी.: प्रबंधाची प्रकरणं कशी लावायची?

माणगंगा (आटपाडी):
जत तालुक्यात सीमेलगतच्या गावांत घरी कन्नड बोलणारी मुलं मराठी शाळेत शिकतात. इयत्ता पाचवीतल्या अशा मुलांसाठी मराठी वाचन-आकलनाचा कार्यक्रम तयार करून त्याची परिणामकारकता तपासली आहे. प्रायोगिक गट (कार्यक्रम मिळालेली मुलं) ४०, नियंत्रित गट (कार्यक्रम न मिळालेली) ४०. कच्च्या लेखनात पहिलं प्रकरण (प्रस्तावना) ७० पानं, दुसरं (आधीच्या संशोधनांचा आढावा) ९५, चौथं (विश्लेषण) जेमतेम ३०. कार्यक्रम तिसऱ्या प्रकरणात (संशोधन पद्धती) घ्यावा की परिशिष्टात? की त्याचं वेगळं सहावं प्रकरण करावं?

कृष्णाकाठ (सांगली):
पाच प्रकरणं पुरेत. पानं मोजण्याआधी एका कागदावर तक्ता आखा: उद्दिष्ट, परिकल्पना, साधन, संख्याशास्त्रीय तंत्र, सारणी क्रमांक, निष्कर्ष. एका उद्दिष्टाला एक ओळ. चौकट रिकामी राहिली, तर एकतर ते उद्दिष्ट फाजील आहे किंवा विश्लेषण राहिलंय. ‘कार्यक्रम विकसित करणे’ या उद्दिष्टाला मात्र परिकल्पना नसते. तिथं पुरावा म्हणजे तज्ज्ञांनी सुचवलेले बदल आणि पथदर्शी चाचणी (आधी थोड्या मुलांवर घेतलेली). म्हणून विकसनाच्या पायऱ्या तिसऱ्या प्रकरणात, सगळे पाठ आणि चाचण्या परिशिष्टात.

आणि गृहीतक व परिकल्पना यांची गल्लत करू नका. गृहीतक न तपासता मान्य केलेलं असतं, परिकल्पना तपासायची असते. मराठी प्रबंधांत ही चूक फार दिसते, आणि मौखिकीत (तोंडी परीक्षेत) पहिला प्रश्न तिच्यावरच येतो.

अजिंक्यतारा (सातारा):
दुसरं प्रकरण फुगतं ते ‘एक संशोधन, एक पान’ अशा सालवार नोंदींमुळे. विषयवार गट करा: द्विभाषिक मुलांचं वाचन, आकलनाच्या पद्धती, कार्यक्रमांची परिणामकारकता. प्रत्येक गटाशेवटी काय हाती आलं आणि काय राहून गेलं ते लिहा. जे राहिलं, तीच तुमच्या संशोधनाची गरज. पहिल्या प्रकरणात ती पुन्हा पानंच्या पानं नको.

चौथ्यात नुसतं ‘सार्थक फरक आढळतो’ (म्हणजे फरक निव्वळ योगायोगाचा वाटत नाही) लिहून थांबू नका. सारणीत मध्यमान (सरासरी), प्रमाण विचलन (गुणांचा विखार), स्वाधीनता मात्रा (degrees of freedom) आणि टी-मूल्य (दोन सरासऱ्यांतला फरक तपासणारं) द्या. ४० अधिक ४० मुलं म्हणजे स्वाधीनता मात्रा ७८, ०.०५ स्तरावर द्विपुच्छ (two-tailed) सारणीमूल्य १.९९; तुमचं टी-मूल्य त्याहून मोठं आलं, तर फरक सार्थक. मग खाली चर्चा: शब्दार्थ, थेट माहिती, अनुमान, यांपैकी कोणत्या प्रश्नांत मुलं पुढे सरकली आणि का? तुमची खरी भर तिथंच आहे.

दोन्ही गट आयते वर्ग असतील, तर पूर्वचाचणीतच फरक असू शकतो. अशा वेळी फक्त उत्तरचाचणीचं टी-मूल्य फसवतं. पूर्वचाचणीचे गुण सहचल (covariate) धरून सहप्रचरण विश्लेषण (ANCOVA) करा, म्हणजे सुरुवातीचा फरक हिशेबात घेतला जातो.

युनिकोडवाला (कराड):
टंकन पहिल्यापासून युनिकोडमध्येच करा. जुन्या फॉन्टमधला मजकूर इतरांच्या लेखनाशी साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला धड वाचता येत नाही, आणि शेवटी रूपांतर करताना जोडाक्षरं तुटतात. युजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८च्या नियमांनुसार साम्य १० टक्क्यांपर्यंत चालतं. त्यापुढे ४० टक्क्यांपर्यंत सुधारित प्रबंध द्यावा लागतो. संदर्भसूची त्यात धरत नाहीत. साम्य वाढवतं ते बहुधा दुसरं प्रकरण, त्यामुळे ते आधी तपासा.