शाहू स्टेडियम: पाडायचं, डागडुजी करायची की टप्प्याटप्प्यानं बदलायचं?

पेठकर_११

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमचा विषय निघाला की चर्चा दोनच टोकांना जाते. एक म्हणतो पाडा आणि गावाबाहेर नवं बांधा. दुसरा म्हणतो रंग मारा, खुर्च्या बसवा, वर पत्रा टाका, झालं काम.

गावाबाहेरचं मला पटत नाही. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, प्रॅक्टिस ही आपल्या फुटबॉल संघांची सगळी नावं पेठांची आणि तालमींची आहेत. माणूस घरातून चालत मॅचला येतो. मैदान दहा किलोमीटरवर नेलं तर गॅलरी चकाचक होईल, पण भरेल का?

म्हणून आहे तिथंच सुधारायचं धरून चालू. चार गोष्टी कळत नाहीत. जुनं काँक्रीट ठेवण्यासारखं आहे की नाही हे कशावरून ठरवतात? मैदान नैसर्गिक गवताचं करावं की टर्फचं, म्हणजे कृत्रिम गवताचं? पायऱ्यांवर खुर्च्या बसवल्या तर प्रेक्षक किती कमी होतील? आणि छत टाकावं का? शक्यतो आकड्यांत बोला. "व्हायलाच पाहिजे" असं सांगणारे पुष्कळ आहेत.

सळई_आणि_सिमेंट

काँक्रीटचं मी सांगतो. पण त्याआधी जमीन. ही जागा मुळात रावणेश्वर तळ्याची. भराव टाकलेल्या जमिनीत बांधकाम सगळीकडे सारखं खचत नाही. त्यामुळं गॅलरीला तडा दिसला की आधी विचारायचं, हा तडा गंजाचा की खचण्याचा? गंजाचा तडा सळईच्या रेषेत, सरळ धावतो. खचण्याचा तडा तिरका असतो आणि एका टोकाला रुंद होत जातो. त्यावर काचेची पट्टी चिकटवा, तारीख लिहा आणि एक उन्हाळा, एक पावसाळा जाऊ द्या. पट्टी तुटली तर हालचाल अजून चालू आहे. अशा वेळी वरून कितीही मलमपट्टी केली तरी पैसे पाण्यात, आधी बोअर घेऊन पायाखालचे थर तपासावे लागतात.

पट्टी शाबूत राहिली तर पुढच्या चाचण्या:

रिबाउंड हॅमर, म्हणजे काँक्रीटवर दाबून उसळी मोजायचा हातोडा, फक्त पृष्ठभागाचा कडकपणा सांगतो. जुनं, कार्बोनेट झालेलं (हवेतल्या कार्बन डायऑक्साइडनं बदललेलं) काँक्रीट वरून कडक लागतं, त्यामुळं एकट्या हॅमरचा रिपोर्ट आला तर त्यावर सही करू नका. सोबत अल्ट्रासॉनिक पल्स हवी, म्हणजे काँक्रीटमधून ध्वनिलहर किती वेगानं जाते ते मोजायचं. सेकंदाला साडेतीन किलोमीटरच्या वर वेग आला तर ठीक, तीनच्या खाली शंका घ्यायची. गंजासाठी हाफ-सेल, म्हणजे सळईचा विद्युतदाब मोजायची चाचणी. तांबे-मोरचूद इलेक्ट्रोडवर उणे ३५० मिलिव्होल्टच्या पलीकडं वाचन गेलं तर सळई गंजत असण्याची शक्यता ९० टक्क्यांच्या वर. आणि दाट संशय असेल तिथं कोअर, म्हणजे ड्रिलनं कापलेला काँक्रीटचा गोल तुकडा, काढायचा.

कोअरची सगळ्यात स्वस्त चाचणी फिनॉल्फ्थॅलीन या रंग बदलणाऱ्या रसायनाची. ताज्या फोडलेल्या तुकड्यावर ते फवारा. आतला भाग गर्द गुलाबी होतो, बाहेरची कार्बोनेट झालेली कड रंगहीन राहते. त्या फिक्या कडेची जाडी पट्टीनं मोजा. सळईवरचं कव्हर (काँक्रीटचा थर) २५ मिलिमीटर आणि फिकी कड ३० मिलिमीटर असेल, तर सळईचं संरक्षण संपलं. बाहेर एकही पोपडा नसला तरी संपलं.

दुरुस्तीत हमखास चुकणारी गोष्ट एकच. पोपडे काढतात, दिसेल तेवढी सळई घासतात आणि गिलावा मारतात. सळईच्या मागचं जुनं काँक्रीट तसंच राहतं. दोन-तीन पावसाळ्यांत ठिगळाच्या अगदी कडेला नवा पोपडा सुटतो, कारण ठिगळातली सळई सुरक्षित झाली की गंज शेजारच्या तुकड्यात जोर धरतो. म्हणून स्वच्छ लोखंड लागेपर्यंत लांबीत उकरायचं, सळईमागं निदान २० ते २५ मिलिमीटर मोकळं करायचं, मगच गंजरोधक लेप, बाँड कोट आणि पॉलिमर मॉर्टर. जाडी जास्त असेल तिथं फर्मा लावून मायक्रोकाँक्रीट.

सळई मोजायला व्हर्नियर घ्या. १२ मिलिमीटरची १० झाली तर वाटतं दोनच गेले. क्षेत्रफळात ती ३० टक्के गेलेली असते. तिथं नुसता लेप चालत नाही, जोडसळई टाकावी लागते. बहुतेक खांब आणि तिरप्या तुळया अशा निघाल्या तर तो भाग पाडणंच स्वस्त. पण 'तो भाग'. एक गॅलरी वाईट निघाली म्हणून सगळं स्टेडियम पाडायचं कारण नाही.

आणि एक्स्पान्शन जॉइंटमधलं (बांधकामात मुद्दाम ठेवलेल्या फटीतलं) पिंपळाचं रोप. ते वरून छाटणं म्हणजे त्याला खत घालणं. जॉइंट उघडून मूळ काढा, पॉलिसल्फाइड सीलंट भरा.

कॉर्नर_फ्लॅग

"छत टाका" म्हणणाऱ्यांनी मिलानच्या सान सिरो स्टेडियमचा इतिहास बघावा. १९२६ चं मैदान. इटलीतल्या १९९० च्या विश्वचषकासाठी अकरा मनोरे उभारून तिसरा मजला चढवला, वर छत टाकलं. प्रेक्षक वाढले, पण आत ऊन आणि वारा कमी झाला आणि गवताचं दुखणं मागं लागलं. जगातल्या दोन मातब्बर क्लबांना ते पुरवलं, आपल्याला कोण पुरवणार? छताचा प्रश्न विचारलास म्हणून सांगितलं.

माळी_मैदान

मैदानाचं सगळं गणित खालच्या पाण्यात आहे, गवत शेवटी.

खेळायची जागा १०५ बाय ६८ मीटर. चहूबाजूंनी तीन मीटर सोडले तर १११ बाय ७४, म्हणजे ८,२१४ चौरस मीटर. तासाला ५० मिलिमीटर पाऊस झाला तर त्या तासात चार लाख लिटरच्या वर पाणी पडतं. काळ्या मातीतून ते उतरत नाही. वरचे दोन इंच चिखल, खाली कोरडं, आणि त्यावर बूट फिरले की गवताची मुळंच उपटतात.

वाळूचं मैदान करायचं तर खालून वर असा क्रम: बसवलेली, उतार दिलेली माती. त्यात चर खोदून दर पाच मीटरवर छिद्रांचा पाइप, सुमारे १,६०० मीटर. वर १० सेंटीमीटर खडी, म्हणजे २९० ब्रास. त्यावर ३० सेंटीमीटर वाळूमिश्रण, ८७० ब्रास. नदीची वाळू एवढी मिळणार नाही, क्रश सँडच घ्यावी लागेल आणि ती धुतलेलीच हवी. न धुतलेल्या क्रश सँडमधली भुकटी खाली उतरून खडीच्या तोंडाशी थर धरते. पहिल्या वर्षी मैदान झकास असतं, तिसऱ्या वर्षी डबकी. चाळणीत किमान ६० टक्के कण पाव ते एक मिलिमीटरमधले यायला हवेत.

आता तळ्याची जागा म्हटल्यावर खरा प्रश्न असा, की हे पाणी जाणार कुठं? ४० सेंटीमीटरचे थर, खाली पाइपचा चर, आणि ७४ मीटर लांबीला २०० ला एक उतार म्हणजे आणखी ३७ सेंटीमीटर. पाइपचं शेवटचं तोंड मैदानापेक्षा सव्वा मीटर तरी खाली जातं. बाहेरच्या नाल्याची पावसाळ्यातली पातळी त्याहून वर असेल तर पाणी उलटं आत येणार. मग झडप, सम्प (पाणी गोळा करायचा खड्डा) आणि पंप आलेच. टेंडर काढण्याआधी ऑटो लेव्हल (उंची मोजायची दुर्बीण) लावून ही एक पातळी मोजा. अर्ध्या दिवसाचं काम आहे.

गवत बर्म्युडा. उन्हाळ्यात दिवसाला सहा मिलिमीटर धरलं तर ४९ हजार लिटर पाणी, म्हणजे दहा हजारी टँकर पाच. विहीर-बोअरची सोय आधी बघा. लागवड जूनच्या तोंडावर केली तर पहिल्या मोठ्या पावसात काड्या वाहून जातात. मे महिन्याच्या सुरुवातीला लावा, म्हणजे जोराच्या पावसाआधी धरतं. त्यासाठी फेब्रुवारीत मैदान मोकळं हवं. अर्धा हंगाम सोडावा लागेल, ते आधीच सगळ्या तालमींना सांगून टाका.

नंतर नासतं ते असं: गोलसमोर खड्डा पडतो आणि कुणीतरी हौसेनं पाटीभर काळी माती आणून भरतो. वाळूवर मातीचं झाकण बसलं की तिथं पाणी उतरायचं थांबतं. दुरुस्तीसाठी त्याच वाळूचे दहा ब्रास कोपऱ्यात झाकून ठेवा. क्रिकेटचा जड रोलर नको. आणि मैदान कार्यक्रमाला दिलं तर मांडवाचे खांब आत रोवू देऊ नका, पाइप फुटतो आणि कुठं फुटला ते कळतसुद्धा नाही.

पेठकर_११

@माळी_मैदान, एवढं सगळं करण्यापेक्षा मुंबईच्या कूपरेजसारखं टर्फ टाकलेलं काय वाईट? एका दिवशी दोन-दोन मॅच घ्याव्या लागतात. गवताला सोसेल?

माळी_मैदान

रोज दोन मॅच कुठल्याच गवताला सोसत नाहीत. आठवड्याला सहा ते आठ तास खेळ धरा, त्यापुढं टक्कल पडतं. तेवढ्यात लीग बसत नसेल तर प्राथमिक फेऱ्या दुसऱ्या मैदानावर घ्या.

टर्फला ड्रेनेज लागत नाही हा गैरसमज आहे. खडीचा बेस, उतार आणि बाहेरचा नाला हे सगळं तसंच लागतं. भरावावर बेस खचला तर टर्फवर लाटा दिसतात आणि मग सगळं उचलावं लागतं. आयुष्य आठ-दहा वर्षं, एप्रिलच्या दुपारी चटके देणारा पृष्ठभाग, आणि फिफाचं क्वालिटी प्रमाणपत्र तीन वर्षांचं, क्वालिटी प्रोचं तर एकाच वर्षाचं. पुन्हा चाचणी, पुन्हा खर्च. आत भरतात त्या रबराच्या दाण्यांवर युरोपीय संघानं २०२३ मध्ये नियम केला, २०३१ पासून तिथं विक्री बंद. आज दाण्याचं टर्फ घ्यायचं तर हे माहीत असू दे.

माझं मत: सरावाच्या मैदानाला टर्फ, मुख्य मैदानाला गवत. कोलकात्याच्या सॉल्ट लेकला टर्फ होतं, २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकासाठी ते काढून गवत लावलं.

रांग_आणि_जिना

खुर्च्यांबद्दल. ६० मीटर लांब, २० पायऱ्यांची एक गॅलरी उदाहरणाला घ्या. आज माणसं दाटीनं, ४५ सेंटीमीटरला एक अशी बसली तर रांगेत १३३, एकूण २,६६०. खुर्चीला ५० सेंटीमीटर, आणि कुणालाही १४ खुर्च्यांपेक्षा जास्त ओलांडाव्या लागू नयेत म्हणून दर २८ खुर्च्यांमागं १.२ मीटरची वाट. रांगेत ११०, एकूण २,२००. म्हणजे सहावा हिस्सा गेला. ही बातमी लोकांना आधीच द्या, नाहीतर तिकिटांवरून भांडणं होतील. सॉल्ट लेकसुद्धा बकेट खुर्च्या बसवल्यावर विश्वचषकाला ६६ हजारांच्या आसपास आलं, पूर्वी लाखाच्या वर माणूस बसायचा.

पायरीची रुंदी मोजा. ७५ सेंटीमीटर असेल तर पाठीची खुर्ची बसते. ६० च असेल तर पाठीची खुर्ची लावल्यावर समोरून जायला जागा उरत नाही, तिथं बिनपाठीचा बाकच बरा. खुर्चीचे बोल्ट पायरीच्या आडव्या भागात मारू नका, उभ्या भागात मारा. आडव्यातलं प्रत्येक भोक म्हणजे खालच्या स्लॅबला गळती, आणि वर सळईचं जे सांगितलंय ते पुन्हा पहिल्यापासून.

आता दिसतं का ते. मागच्याची नजर पुढच्याच्या डोळ्यांवरून किती वर जाते ते काढायचं: ९० मिलिमीटर चांगलं, ६० किमान. पहिल्या रांगेचे डोळे मैदानापासून २.२ मीटर वर, साइडलाइन ८ मीटरवर, पायरी ३५ सेंटीमीटर उंच आणि ७५ रुंद धरली, तर दुसऱ्या रांगेला १३१ मिलिमीटर मिळतात. विसाव्या रांगेला ५२. पायऱ्या सगळ्या सारख्या उंचीच्या असल्या की वर जाऊ तसं दिसणं बिघडत जातं. सगळ्यात वरच्या चार-पाच पायऱ्यांवर १० सेंटीमीटरचा हलका थर चढवला तर त्यांच्यातला फरक तोच राहतो, फायदा फक्त थराच्या पहिल्या रांगेला होतो. म्हणून उंची टप्प्यानं वाढवत न्यावी लागते, आणि त्या वजनाचा हिशेब सळईवाल्यांना विचारूनच करायचा.

सगळ्यात महत्त्वाचं, बाहेर पडणं. जिन्यावर एका मीटर रुंदीतून मिनिटाला ६६ माणसं उतरतात, सपाटीवर ८२. आठ मिनिटांत गॅलरी रिकामी व्हायला हवी. २,२०० माणसांना ४.२ मीटर जिना लागतो, म्हणजे १.२ मीटरचे चार. दोन मीटरचा एकच जिना असेल तर सतरा मिनिटं. फाटक बाहेरच्या बाजूला उघडणारं हवं आणि मॅच चालू असताना त्याला कुलूप नको, माणूस उभा करा. १६ ऑगस्ट १९८० ला ईडन गार्डन्सवर मोहन बागान-ईस्ट बंगालच्या मॅचला १६ जणांचा जीव गेला. ब्रॅडफर्डला १९८५ मध्ये लाकडी गॅलरीखालच्या कचऱ्यानं पेट घेतला, मागची दारं बंद होती, ५६ गेले. गॅलरीखाली गोदाम, फ्लेक्स, रंगाचे डबे असं काही असेल तर खुर्चीच्या आधी ते हलवा.

मैदानाभोवतीच्या जाळीलाही आतून उघडणारी दारं हवीत. आणि बायकांची स्वच्छतागृहं नकाशात काढा, नंतर जागा उरत नाही.

सळई_आणि_सिमेंट

छताचं राहिलं. फक्त पश्चिमेच्या गॅलरीवर टाका. दुपारच्या मॅचला ऊन पाठीमागून येतं, सावली तिथंच लागते, आणि मैदानाला सकाळचं ऊन पूर्ण मिळतं. जुन्या खांबांवर मात्र छत बसवायचं नाही. पत्र्याच्या छताचा खरा त्रास वजनाचा नसतो, वाऱ्यानं वर उचललं जाण्याचा असतो आणि जुने खांब त्यासाठी बांधलेलेच नसतात. गॅलरीमागं स्वतंत्र खांब, स्वतंत्र पाया. भरावात बहुधा पाइल, म्हणजे खोल रोवलेले पायाचे खांब.

फ्लडलाइटचा मनोराही तसाच. कोपऱ्यातला मनोरा मध्यबिंदूपासून ७५ मीटरवर असेल तर दिवे ३५ मीटर उंच हवेत, नाहीतर गोलकीपरच्या डोळ्यांवर येतात. दिवे एलईडीच घ्या. मेटल हॅलाइडच्या जुन्या दिव्यांना वीज गेल्यावर पुन्हा पेटायला दहा-पंधरा मिनिटं लागतात.

पेठकर_११

सगळ्यांचे आभार. एक पैसाही हातात नसताना आत्ता काय करता येईल?

सळई_आणि_सिमेंट

खडू आणि मोबाइल. जोराचा पाऊस थांबल्यावर तासाभरात गॅलरीच्या खालून फिरा, ओल दिसेल तिथं खडूनं कड आखा, खांबाचा नंबर टाकून फोटो काढा. दोन दिवस उघडीप मिळाली की पुन्हा तेच. पहिल्या दिवशीची ओल वाळली असेल तर ते पावसाचे शिंतोडे होते. दोन दिवसांनीही जिथं ओलं आहे तिथं वर जॉइंट उघडा आहे किंवा पाइप फुटलाय, आणि हाफ-सेल लावायची जागा तीच.

कॉर्नर_फ्लॅग

खडू तेलाचा घे राव, साधा पुढच्या सरीत धुऊन जाईल.