जांभळी कड: आधी कुठल्या प्रकारची ते बघा

मुंबईच्या ओव्हल मैदानातून काढलेल्या राजाबाई टॉवरच्या फोटोत झावळ्यांना आलेली जांभळी कड कशी घालवायची, असं इथे एकाने विचारलंय. त्यावर दोघांनी ‘जांभळ्याचं सॅच्युरेशन (रंगाचा गडदपणा) शून्य करा’ असं सुचवलंय. कृपया तसं करू नका. कड जाईल, पण समोरची बोगनवेलही राखाडी होऊन बसेल.

फोटो १०० टक्क्यांवर बघा. रंगीत रेघ फक्त कोपऱ्यांत असेल, एका बाजूला लाल नि दुसऱ्या बाजूला निळसर-हिरवी, तर लाइटरूम या फोटो-एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये ‘रिमूव्ह क्रोमॅटिक अ‍ॅबरेशन’वर (लेन्समुळे येणारी रंगीत रेघ काढायची सोय) टिक केली की काम झालं.

पण इथे पांढऱ्या पावसाळी आभाळावर झावळ्यांची टोकं मधोमधही जांभळी आहेत. लेन्सचं छिद्र एफ/१.८ वर पूर्ण उघडं असल्याचा हा परिणाम (एफचा आकडा जितका लहान तितकं छिद्र मोठं), नुसत्या टिकने जाणार नाही. लाइटरूममधल्याच डीफ्रिंज या कड काढायच्या सोयीचा ड्रॉपर घ्या आणि थेट जांभळ्या कडेवर क्लिक करा, मग अमाउंट थोडा थोडा वाढवा. ऑल्ट दाबून ह्यूचे (रंगछटेचे) स्लायडर ओढलेत तर नेमका कुठला भाग पकडला जातोय ते दिसतं. अमाउंट २० पर्यंत जातो, पण मी ५-६च्या पुढे सहसा जात नाही. त्यापुढे झावळ्यांना करडी किनार येते आणि ती जांभळ्याहूनही डोळ्यांत खुपते.

डीफ्रिंजपासून बोगनवेल वाचवायचीय? ब्रशमधला (हव्या त्या भागावरच फिरवायच्या साधनातला) डीफ्रिंज शून्याच्या खाली, उणे करून तिच्यावर फिरवा, तिथले रंग शाबूत राहतात. ही सोय फार गुणाची आहे, जरूर वापरा.

आणि पुढच्या वेळी असं आभाळ असेल तर एफ/५.६ वर काढा. कड बरीचशी उमटणारच नाही.