फिलाडेल्फियाचं म्यूटर संग्रहालय: आईबाबांना न्यावं का?

जर्सीची_मेधा
आईबाबा नाशिकहून आलेत. एक दिवस फिलाडेल्फियाला जाणार आहोत. बाबांचं आयुष्य मेडिकलच्या दुकानात गेलं, त्यामुळे त्यांना म्यूटर हे वैद्यकीय संग्रहालय बघायचंच आहे. आई म्हणते, "एवढं विमानात बसून कवट्या बघायला नाही आले मी." लेक नऊ वर्षांची आहे. कुणी गेलंय का?

भटक्या७७
गेलोय. दीड-दोन तासांत होतं. बरण्यांत गर्भ ठेवलेले आहेत, लेकीला आधी कल्पना द्या. 2023 पासून मानवी अवशेष कसे मांडावेत यावर तिथे बराच खल झाला, त्यामुळे मी पाहिलं ते सगळं तसंच असेल असं नाही. आणि भरपेट जेवून जाऊ नका :)

सांगलीचा_ईएनटी
जरूर न्या. मी कान-नाक-घशाचा डॉक्टर, भाचीकडे गेलो होतो तेव्हा पाहिलं. लोक आइन्स्टाइनच्या मेंदूचे काप बघायला गर्दी करतात. मी अडकलो शेव्हालिए जॅक्सन या घशात अडकलेल्या वस्तू काढणाऱ्या जुन्या अमेरिकन डॉक्टरच्या खणांपाशी. भाची येऊन खुणा करून गेली तरी हललो नाही.

लोकांनी गिळलेल्या किंवा श्वासनलिकेत गेलेल्या 2,374 वस्तू. खण ओढला की ओळीने मांडलेली बटणं, नाणी, टाचण्या, खेळण्यांचे तुकडे. उघड्या सेफ्टी पिनाही आहेत, आणि ते काय प्रकरण असतं ते आमच्या धंद्यातल्या माणसाला विचारा. टोक वर असताना ओढली तर अन्ननलिका फाटते. आधी आतल्या आत मिटवायची, नाहीतर जठरात ढकलून उलटी फिरवायची. या माणसाने त्यासाठी स्वतः अवजारं घडवली, आणि बहुतेकदा पूर्ण भूल न देता हे केलं!

आमच्याकडे येतात शेंगदाणे, हरभरे, सीताफळाच्या बिया. शेंगदाणा एक्स-रेत दिसत नाही, आत फुगतो, आणि घरचे आठवडाभर खोकल्याचं औषध पाजत बसतात.

मेधाताई, तुमच्या बाबांना एक गोष्ट आवडेल. त्या काळी घरोघरी कॉस्टिक सोडा असायचा, पोरं तो तोंडात घालायची. अन्ननलिका भाजून इतकी आखडायची की पाणी उतरेना. डब्यावर 'विष' छापा म्हणून जॅक्सन वर्षानुवर्षं सरकारच्या मागे लागला, तेव्हा कुठे 1927 ला कायदा झाला.

कवट्या 139, व्हिएन्नाचा शरीररचनाशास्त्रज्ञ योसेफ हिर्टल याच्या संग्रहातल्या. बऱ्याच जणींवर नाव, वय, धंदा, कशाने मेला हे लिहिलंय. डोक्याच्या ठेवणीवरून माणसाची अक्कल नि स्वभाव सांगणाऱ्यांना खोटं पाडायला त्याने त्या जमवल्या. आईंना हे सांगून बघा.

कल्याणची_लेक
त्यापेक्षा आईंना आनंदीबाई जोशींचं नाव सांगा. त्या याच शहरात वुमन्स मेडिकल कॉलेजात शिकल्या, मार्च 1886 मध्ये एमडी झाल्या. जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबुली यांच्यासोबतचा तो फोटो (1885) इथलाच. कॉलेजची जुनी कागदपत्रं ड्रेक्सेल विद्यापीठाकडे आहेत. म्यूटर वेगळी संस्था, तिथे जाऊन विचारू नका. ड्रेक्सेलला आधी ईमेल करा.

जर्सीची_मेधा
आनंदीबाईंवर आई राजी! कवट्यांच्या वेळी ती बाहेर बाकावर बसणार म्हणे. डॉक्टर, लेकीला नेमकं काय दाखवू?

सांगलीचा_ईएनटी
जॅक्सनचे खण आणि हॅरी ईस्टलॅकचा सांगाडा. त्याच्या स्नायूंचं हळूहळू हाड होत गेलं, चाळिशीच्या उंबरठ्यावर 1973 मध्ये गेला. अभ्यासाला उपयोग होईल म्हणून सांगाडा त्याने स्वतःच देऊ केला होता. या आजाराचं जनुक 2006 मध्ये सापडलं, तेही त्याच शहरात, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात. साबण झालेल्या बाईपाशी (प्रेतातल्या चरबीचं साबणासारखं काहीतरी झालंय) मात्र फार रेंगाळू नका, पोरांना रात्री नेमकं तेच आठवतं.