उत्तर: कापसाचे पैसे बुडवले तर ४२० लागते का?
भाऊ, तुम्ही लिहिलं की खेडा खरेदीवाल्यानं (गावात येऊन माल घेणाऱ्या व्यापाऱ्यानं) घरून कापूस उचलला, आठ दिवसात देतो म्हणाला अन् पैसे दिलेच नाही, म्हणून ४२० (जुन्या भारतीय दंड संहितेचं फसवणुकीचं कलम) लावा. पण नुसते पैसे थकले म्हणून फसवणूक होत नाही, कोर्ट पहिले हेच पाहते की कापूस उचलला त्याच टायमाला त्याच्या मनात खोट होती का. नंतर भाव पडले अन् तो डुबला तर ते दिवाणीचं, म्हणजे पैसे वसुलीच्या दाव्याचं मॅटर होते, सुप्रीम कोर्टानं हे कितीदा सांगितलं आहे.

आता मनातलं दाखवायचं कसं, तर तो काय खोटं बोलला ते पकडा. मी अमक्या जिनिंगचा (कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्याचा) माणूस आहो म्हणाला अन् जिनिंगवाले ओळखतच नाही, किंवा बंद खात्याचा चेक दिला, किंवा एकाच हप्त्यात चार गावातून गाड्या भरून फोन बंद केला, यातून सुरुवातीचा इरादा दिसते. काट्याची पावती, गाडीचा नंबर, व्हॉट्सॲपचे मेसेज, काहीच डिलीट करू नका.

व्यवहार १ जुलै २०२४ पासूनचा असेल तर ४२० नाही, भारतीय न्याय संहितेचं ३१८(४) लागते, सजा तीच, ७ वर्षांपर्यंत अन् दंड. तक्रारीत तो काय बोलला, कोणासमोर बोलला अन् त्यावर भरोसा ठेवूनच तुम्ही माल दिला, हे पहिलेच लिहा, नाहीतर ठाणेदार दिवाणी म्हणून वापस पाठवते. एफआयआर घेतलाच नाही तर एसपी साहेबांना लेखी द्या, त्यानंतर मॅजिस्ट्रेटकडे जाता येते.