बेस गिटार वाजवणाऱ्यांनो, तुमच्या बँडमधली डोकेदुखी कोण? अनुभव लिहा

गेली ९ वर्षं हौशी बँडमधे बेस वाजवतोय. नोकरी सांभाळून, सुट्टीच्या दिवशी, जमेल तसं. आत्तापर्यंत चार बँड झाले, त्यातले तीन मोडले आणि वाजवता येत नव्हतं म्हणून एकही मोडला नाही, माणसं एकमेकांना सहन होईनात म्हणून मोडले. आणि बेसवाल्याची गंमत अशी की भांडण ड्रमर आणि गिटारिस्टचं असतं पण रात्री फोन दोघंही आपल्यालाच करतात.

मी मुळात बेसवर आलो तो कुणालाच नको होता म्हणून. आम्ही तिघं गिटारवाले, त्यातला कमी हट्टी मी, पडला गळ्यात. १९६१ मधे बेस वाजवणारा स्टुअर्ट सटक्लिफ बीटल्समधून बाहेर पडल्यावर पॉल मॅकार्टनीच्या गळ्यातही बेस असाच पडला होता हे नंतर वाचलं तेव्हा जरा बरं वाटलं. साम्य तिथेच संपतं.

माझा किस्सा. आमचा लीड गिटारिस्ट हाच बँडचा म्होरक्या, प्रॅक्टिस फोनवर रेकॉर्ड करायचा आणि रात्री ग्रुपवर टाकायचा. एकदा खाली लिहिलं, "बेस कुठेय? वाजवत होतास ना?" आता बेसची सगळ्यात जाड तार ४१ हर्ट्झला वाजते, फोनच्या नखाएवढ्या स्पीकरमधून ती काय ऐकू येणार, आलीच तर वरची थोडी टकटक. मी हे सगळं सविस्तर, चांगलं तीन परिच्छेद लिहून पाठवलं. कुणीही वाचलं नाही. ड्रमरने अंगठा दिला फक्त. पुढच्या वेळी घरून मोठे हेडफोन नेले, तेच रेकॉर्डिंग लावून त्याच्या कानावर चढवले. डोळे मिटून पूर्ण गाणं ऐकलं त्याने. हेडफोन काढून म्हणाला, "जरा जास्तच आहे रे."

तर येऊ द्या. भांडलात, गप्प बसलात की बँड सोडलात, तेही लिहा.

*

आमचा गिटारिस्ट माणूस सोन्यासारखा, फक्त दर गाण्यानंतर अ‍ॅम्पचा आवाज हळूच थोडा वाढवायचा. त्याला वाटायचं कुणाला दिसत नाही. मग ड्रमर जोरात हाणणार, मग मी वाढवणार, मग गाणारी ओरडून ओरडून बेजार. घरी गेल्यावर माझ्या कानात रात्रभर शिट्टी. ८५ डेसिबलचा आवाज कानाला ८ तास चालतो म्हणतात आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होत जातो, म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटं. आमची प्रॅक्टिस तीन तासांची. सांगून बघितलं, चिडून बघितलं, एकदा तर मी त्याच्या बटणावर चिकटपट्टी लावून ठेवली होती (बालिश होतं, मान्य).

मग एक दिवस सहज त्याच्या जागेवर जाऊन उभा राहिलो तर मला त्याची गिटार नीट ऐकूच येईना! त्याचा अ‍ॅम्प जमिनीवर आणि हा दोन पावलांवर उभा, म्हणजे सगळा आवाज त्याच्या पोटऱ्यांना ऐकू जाणार आणि आमच्या कानात. गिटारचे वरचे सूर सरळ रेषेत जातात, बेससारखे खोलीभर पसरत नाहीत. अ‍ॅम्प उचलून खुर्चीवर ठेवला, तोंड त्याच्या कानाकडे. पहिल्याच गाण्यात दचकला आणि आपणहून आवाज कमी केला. दीड वर्ष मी ज्याच्यावर डोकं फोडत होतो ते काम एका खुर्चीने केलं. कानात प्लग मात्र मी अजून घालतो, सवय झालीये.

*

कीबोर्डवाला आणि त्याचा डावा हात. बास, एवढंच लिहून थांबणार होतो पण सांगतोच.

एकट्याने वाजवायची सवय असलेले कीबोर्डवाले डाव्या हाताने बेस पण वाजवतात, त्यांचा दोष नाही, पण बँडमधे बेसिस्ट उभा असताना खालच्या पट्ट्यांत दोघंही घुसले की सूर वेगळे कळतच नाहीत, नुसती गुरगुर. त्यात ह्याचे कॉर्ड जरा वेगळे, मी सा वाजवावा तर हा खाली ग धरून बसलेला. दहा वेळा सांगितलं. "हो हो" म्हणायचा, पुढच्या गाण्यात हात परत तिथेच.

शेवटी त्याच्या कीबोर्डला स्प्लिट (पट्ट्यांचे दोन वेगळे भाग करायची सोय) होतं ते साउंड बघणाऱ्या मित्राने लावून दिलं आणि डावीकडच्या भागाचा आवाज शून्य. त्याच्या मॉनिटरमधे (स्टेजवर स्वतःला ऐकायचा स्पीकर) तसंही सगळं मिसळून यायचं. पुढचे तीन शो हा डाव्या हाताने जीव तोडून वाजवतोय, मान हलवतोय, आणि बाहेर शून्य. तिसऱ्या शोनंतर मला म्हणाला, आज आपलं दोघांचं काय मस्त जुळलं होतं रे. मी हो म्हणालो. अजून सांगितलेलं नाही.

*

मी मुलगी आणि बेस वाजवते, त्यामुळे पहिला अनुभव बँडबाहेरचाच असतो. स्टेजवर गेलं की साउंडवाला विचारतो, "मॅडम, माइक कुठे लावू?" मी हातातली केस दाखवते, मग विचारतो, "हे दादांचं का?" असो. ह्यावर वेगळं लिहावं लागेल.

आमची खरी अडचण गायक. आवाज सुंदर, पण शोच्या दिवशी हमखास "आज गळा बसलाय, अर्धा सूर खाली घेऊया". बोलायला सोपं आहे. पांढरी तीनचं गाणं काळी दोनमधे गेलं की माझी सगळ्यात खालची तार, पांढरी तीनला लावलेली, जी मोकळी वाजवून मी गाणं उभं केलंय, ती निरुपयोगी. गिटारवाल्याचा कॅपो (तारांवर लावायचा चिमटा) सूर वर नेतो, खाली नाही, म्हणून तोही वैतागलेला. एकतर वाद्यं उतरवून लावा, की मग उरलेली सगळी गाणी बोंबलली, नाहीतर सगळं एक सप्तक वर नेऊन वाजवा, की मग गाण्याखालची जमीनच जाते. एका शोला मी स्टेजमागे पाच मिनिटांत तीन गाणी मनातल्या मनात सरकवली आणि चौथ्याला विसरले. ते चार मात्रांचे भलते सूर मला अजून झोपेत ऐकू येतात. आणि खाली उतरल्यावर हा गायकच मला म्हणतो, "आज तुझं लक्ष नव्हतं का गं?"

भांडले नाही. एक वही केली, गाण्याचं नाव, पट्टी, तारीख आणि समोर त्याची सही. शेवटच्या प्रॅक्टिसला जी पट्टी ठरेल तीच, गळा बसला तर ते गाणंच गाळायचं. आधी हसला, मग महिनाभर रुसला. पण गळा बसायचा थांबला! आता मी पाच तारांचा बेस घेतलाय, त्याहून खाली, बी सुरापर्यंत जाते, त्यामुळे खरं तर पट्टी बदललेली चालेल मला. त्याला कुणी सांगू नका.

*

नवीन मुलांसाठी छोटंसं. अ‍ॅक्टिव्ह बेस (आवाजाचं सर्किट आतच असलेला) असेल तर आत ९ व्होल्टची बॅटरी असते आणि वायर खोचलेली राहिली की ती वाजवत नसताना पण संपत राहते. आमच्या सेकंड गिटारिस्टने न विचारता रात्री माझा बेस वाजवून बघितला, वायर तशीच ठेवून गेला. दुसऱ्या दिवशी शोमधे दुसऱ्या गाण्यापासून आवाज फाटायला लागला आणि चौथ्यात गेलाच. सॉरी म्हणाला नाही, वर "बेस नव्हता तरी कुणाला कळलं नाही" असा विनोद केला. त्यानंतर त्याच्याबरोबर वाजवलं नाही मी.

*

"नुसत्या रूट नोट (कॉर्डचा मूळ सूर) काय वाजवतोस, काहीतरी कर ना" असं म्हणणारा एक प्रत्येक बँडमधे असतो. आमच्याकडचा तर टेक्निकवर पण यायचा, दोन बोटं वापर, स्लॅप (अंगठ्याने तार ठोकणं) शिक, फ्रेटलेस (बिनपडद्यांचा बेस) घे. अरे बाबा, मोटाउन ह्या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या गाण्यांवर जेम्स जेमर्सनने उजव्या हाताच्या एका तर्जनीवर बेस वाजवलाय. आणि फेंडरने १९५१ मधे बेसला पडदे बसवले ते सूर नेमका लागावा म्हणून, नावच प्रिसिजन ठेवलं, आणि हा मला ते उपटायला सांगतोय. एका प्रॅक्टिसला म्हटलं बरं, करतो काहीतरी. पूर्ण गाणंभर भरगच्च वाजवलं, प्रत्येक फटीत सूर कोंबला. दुसऱ्या अंतऱ्याला गायिकेने हात वर करून गाणं थांबवलं आणि त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे नाही.

*

सगळे दुसऱ्यांबद्दल लिहितायत म्हणून मी माझ्याबद्दल लिहितो. आमच्या बँडमधली डोकेदुखी मीच होतो आणि ते मला तीन वर्षं माहीत नव्हतं. माझं म्हणणं, ड्रमर पळतो. सगळ्यांना सांगायचो, त्याच्या तोंडावरही. तो बिचारा कमी बोलणारा, घरी मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) लावून बसायचा. मग आम्ही एक गाणं नीट रेकॉर्ड केलं, प्रत्येकाचा ट्रॅक वेगळा, सुरुवातीला टेम्पो १०४ आणि शेवटी ११२, मी म्हटलं बघा! मग रेकॉर्ड करणाऱ्याने फक्त किक ड्रम (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) आणि बेस ठेवून बाकी सगळं बंद केलं आणि स्क्रीनवर मोठं करून दाखवलं. दर ठोक्याला माझा सूर किकच्या आधी. केसभर, पण दर वेळी आधी. मी पुढे ओढत होतो आणि तो मला सांभाळायला मागून पळत होता.

खोलीत कुणी काही बोललं नाही. ड्रमर स्क्रीनकडेच बघत राहिला, मग उठून पाणी आणायला गेला. बोलला असता, दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी माफी मागितली पण ती तीन आठवड्यांनी, आणि फोनवर, समोर जमलं नाही. आता तो दुसऱ्या बँडमधे आहे. मी अजून मेट्रोनोमचा क्लिक लावून, फक्त किकच्या मागे मागे वाजवायचा रियाज करतो.

*

माझं वय ५३, मुलगा १७ वर्षांचा, तो ड्रम्सवर मी बेसवर, घरचाच बँड म्हणा. वरचं वाचून वाटलं की निदान तुम्हाला बँड सोडता तरी येतो! हा मला गाणं मधेच थांबवून "बाबा, तू लेट आहेस" म्हणतो. मी ऑफिसात चाळीस लोक सांभाळतो, तिथे कुणी असं म्हणत नाही. पहिल्यांदा इतका राग आला की बेस ठेवला आणि खाली निघून गेलो. हिने विचारलं काय झालं, म्हटलं काही नाही. वर ह्याचं एकट्याचं वाजवणं चालूच. पंधरा मिनिटांनी परत गेलो तर मान वर न करता चार मोजून त्याने तेच गाणं सुरू केलं, मी जिथून सोडलं होतं तिथून.

लेट होतो मी. पुढच्या रविवारपासून त्याचा एक मित्र गिटारवर येतोय, आवाज फार मोठा ठेवतो असं आधीच कानावर आलंय. ती खुर्चीची युक्ती करून बघतो.