पिल्लू ताटलीवर गुरगुरते, काल मुलीला दातही लागला

प्रश्नकर्ता (दारव्हा तालुका, यवतमाळ)

वावरातल्या जागलीसाठी दीड महिन्यापूर्वी शेजारच्या गावातून एक गावठी पिल्लू आणले. तेव्हा ते जेमतेम पाच आठवड्यांचे होते. चपला, दोर, बैलाचा कासरा, जे सापडेल ते ते चावते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मात्र ताटलीत भाकर कुस्करून ठेवली आणि कुणी जवळून गेले, की ते खाणे थांबवते, मान ताटलीवरच ठेवून जागच्या जागी ताठ होते, डोळ्यांच्या कडांचा पांढरा भाग दिसू लागतो आणि घशातून बारीक गुरगुर येते. काल माझ्या सहा वर्षांच्या मुलीने ताटली सरकवली, तेव्हा त्याने तिच्या मनगटाला दात लावला. थोडे रक्त आले, आम्ही हळद दाबली. वडील म्हणतात, राखणीचे कुत्रे तिखटच हवे. हे वयाचे खूळ आहे की स्वभावातच खोट आहे?

निवृत्त पशुधन पर्यवेक्षक

पिल्लाच्या स्वभावाचा विचार उद्या करता येईल. मुलीला आजच प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. हळद धुऊन काढा आणि वाहत्या पाण्याखाली साबणाने जखम पंधरा मिनिटे, घड्याळ लावून, धुवा. पिल्लू लहान आहे म्हणून त्याला रेबीज नसेल, हा समज मी नोकरीत असंख्य वेळा ऐकला आणि तो चुकीचा आहे. रक्त आले असल्यामुळे लसीबरोबर जखमेत आणि तिच्याभोवती टोचायचे इम्युनोग्लोबुलिनही (रेबीजविरोधी तयार प्रतिपिंडे) लागते. केंद्रात ते नसल्यास पुढच्या रुग्णालयात पाठवतात, तेव्हा तेथपर्यंत जाण्याचा आळस करू नका. पिल्लू बांधून दहा दिवस नजरेखाली ठेवा, पण ते दहा दिवस संपण्याची वाट पाहत मुलीची लस लांबवू नका.

आता पिल्लाविषयी. दात येताना किंवा खेळताना चावणारे पिल्लू अंगाने सैल असते, उड्या मारते, आणि आपण ओरडलो की क्षणभर थबकते. आपण वर्णन केलेले ताठरणे वेगळे आहे. ती ताटली हिसकली जाण्याची भीती आहे. पाचव्या आठवड्यात आईपासून तोडलेल्या पिल्लाला चावा किती जोराचा असावा हे भावंडांकडून शिकायला मिळत नाही, म्हणून निदान आठ आठवडे ते आईजवळ असावे. शिवाय पोट फुगलेले, केस निस्तेज आणि भूक अघोरी असेल, तर जंत असू शकतात. खोट म्हणण्याआधी पशुवैद्यकांकडून तपासणी करून घ्या.

वर्ध्याकडचा शेतकरी

वरील सल्ल्याशी सहमत आहे, त्यात माझी चूक जोडतो. आमच्याकडे पहिल्या पिल्लाला मिरची चारून दिवसभर साखळीला बांधले, कारण त्याने कुत्रे तिखट निघते असे सगळेच सांगत. ते तिखट निघाले, पण चोरावर नाही, घरच्या भाच्यावर. दुसऱ्या पिल्लाच्या वेळी मी गुरगुरीबद्दल मारणे बंद केले, कारण मार खाल्लेले कुत्रे गुरगुरायचे सोडते आणि सरळ चावते. त्याऐवजी जाता-येता लांबूनच ताटलीत भाकरीपेक्षा चांगला तुकडा, कधी उकडलेल्या अंड्याचा, टाकत गेलो आणि दर दोन-तीन दिवसांनी एक पाऊल जवळ आलो. लेकरांना मात्र त्याच्या खाण्याच्या वेळी जवळ फिरकू देत नाही.

एक गोष्ट वेगळी ओळखावी. पऱ्हाटीवर फवारणी चालू असताना पिल्लाची लाळ गळू लागली, अंग थरथरू लागले किंवा झटके आले, तर तो स्वभाव नव्हे, विषबाधा असू शकते. लसीकरण न झालेल्या पिल्लाला उलट्या आणि रक्ताची हगवण लागली, तर सकाळची वाट पाहू नये. अशा वेळी आम्ही जनावरांच्या डॉक्टरी मदतीसाठीच्या १९६२ या क्रमांकावर फोन करतो. एरवी तेच पिल्लू एकाएकी लपून बसू लागले, पाणी घेईना किंवा ओळखीच्या माणसावर धावून गेले, तर हात लावायचा नाही. दार लावून डॉक्टरांना कळवायचे.

प्रश्नकर्ता

मुलीला काल दुपारीच नेले. लस सुरू झाली, इम्युनोग्लोबुलिनसाठी यवतमाळला जावे लागले. पुढच्या सुया ३, ७ आणि २८ व्या दिवशी आहेत. पिल्लाला तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवले. जंत निघाले, औषध दिले. रेबीजची लस दहा दिवस पूर्ण झाल्यावर द्यायची ठरली आहे. वडिलांनी आज स्वतःहून लांबून अंड्याचा तुकडा टाकला. पिल्लाने मान वर केली, तुकडा उचलला आणि शेपटी किंचित हलवली. गुरगुर मात्र अजून आहे.