दादा-वहिनींचे आभार काल्पनिक पुरस्काराच्या भाषणातून मानावेत का?

प्रश्न – धरमपेठवासी

माझ्या दादा-वहिनींच्या लग्नाला पुढील महिन्यात 25 वर्षे पूर्ण होत आहेत आणि त्यानिमित्त नागपुरात घरच्या मंडळींचा लहानसा समारंभ ठरला आहे. वडील गेल्यानंतर या दोघांनीच मला शिकवले. मी सनदी लेखापाल झाले त्यामागच्या कष्टांतला मोठा वाटा त्यांचा आहे, आणि हे मी त्यांच्यासमोर आजवर एकदाही बोललेले नाही. आमच्या घरी माया ताटात वाढली जाते, तोंडाने कोणी बोलत नाही. म्हणून मी असे योजले आहे की आपल्याला एखादा मोठा पुरस्कार मिळाला आहे अशी कल्पना करून, तो स्वीकारताना जे भाषण केले असते तेच त्या दिवशी करावे, म्हणजे एरवी ओठांवर न येणारे बोलता येईल. परंतु सोहळा त्यांचा असताना पुरस्कार स्वतःकडे घेणे शोभेल का? शिवाय नावे घेताना काका, आत्या, मामा यांपैकी कोणी राहून गेल्यास रुसवे होतील, ते कसे टाळावेत?

उत्तर – निवेदक, सिव्हिल लाइन्स

ताई, कल्पना अवश्य अमलात आणावी. वसंतराव देशपांडे सभागृहातील अनेक कार्यक्रमांचे निवेदन मी केले आहे. आपल्याकडे आभारप्रदर्शन सर्वांत शेवटी ठेवतात, तोवर निम्मे प्रेक्षक चपला शोधत असतात आणि वक्ता नुसती यादी वाचत असतो, हे मला नेहमीच खटकते. तुमचे भाषण जेवणाआधी, सर्व जण बसलेले असताना व्हावे.

लांबीचे म्हणाल तर ऑस्कर सोहळ्यात विजेत्याला साधारण 45 सेकंद दिले जातात. 1943 मध्ये अभिनेत्री ग्रीर गार्सन यांनी सुमारे साडेपाच मिनिटे घेतली, त्याची चर्चा अजून होते. याउलट ऑस्कर मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय, आपल्या कोल्हापूरच्या भानू अथय्या, 1983 मध्ये ‘गांधी’च्या वेशभूषेसाठी व्यासपीठावर गेल्या तेव्हा अगदी मोजके बोलल्या. जगाचे लक्ष भारताकडे वेधल्याबद्दल त्यांनी दिग्दर्शक रिचर्ड ॲटनबरो यांचे आभार मानले. पुरस्कार देणाऱ्या अकादमीचे आभार सोडले तर एकच माणूस आणि त्याने केलेली एकच गोष्ट, एवढेच त्या भाषणात होते, म्हणून ते पोहोचले. घरच्या समारंभात तीन मिनिटे पुरेशी आहेत.

रुसव्यांवर उपाय सोपा आहे. आरंभीच सांगून टाकावे की आजचे बोलणे फक्त दादा-वहिनींविषयी आहे आणि बाकी वडीलधाऱ्यांना मी जेवणाच्या पंगतीत स्वतः भेटणार आहे. मग खरोखरच प्रत्येकाला भेटावे. अर्धवट यादीने माणूस जास्त दुखावतो.

उत्तर – मानसशास्त्राची शिक्षिका

तुमच्या मनातला संकोच बहुतेकांना वाटतो, आणि त्यावर अभ्यासही झालेला आहे. अमित कुमार आणि निकोलस एपली यांनी 2018 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना कृतज्ञतेची पत्रे लिहायला सांगितली होती. पत्र वाचून समोरच्याला किती अवघडल्यासारखे होईल याचा अंदाज लिहिणाऱ्यांनी प्रत्यक्षापेक्षा जास्त केला, आणि त्याला होणाऱ्या आनंदाचा अंदाज मात्र कमी केला. त्याआधी 2005 मध्ये मार्टिन सेलिगमन आणि सहकाऱ्यांनी तपासलेल्या एका उपक्रमात, ज्याचे आभार मानायचे राहून गेले आहेत त्याला पत्र लिहून स्वतः नेऊन द्यायचे होते. हे करणाऱ्यांच्या मनःस्थितीतील सुधारणा महिनाभर टिकलेली दिसली. त्यापुढे ती ओसरली, त्यामुळे कृतज्ञता एकदाच सांगून मोकळे होऊ नये असे मला वाटते.

खरा पुरस्कार मिळालेल्या एका माणसाचे उदाहरण मी विद्यार्थ्यांना आवर्जून सांगते. आल्बेर काम्यू यांना 1957 चे साहित्याचे नोबेल जाहीर झाल्यावर त्यांनी आपले प्राथमिक शाळेतील शिक्षक लुई जेर्में यांना पत्र लिहिले आणि ही बातमी कळताच आईनंतर पहिली आठवण तुमचीच झाली, असे कळवले. अल्जीयर्समधल्या त्या गरीब मुलाला पुढे शिकू द्यायला घरचे तयार नव्हते, तेव्हा या शिक्षकांनी त्यांची समजूत घातली आणि शिष्यवृत्तीच्या परीक्षेची तयारी विनामूल्य करून घेतली. त्यांचे गुरुजी ते पत्र वाचायला हयात होते, हे मला त्या पुरस्काराइतकेच मोलाचे वाटते. तुम्ही पुरस्काराची वाट न पाहता तो कल्पून घेत आहात, हे म्हणूनच शहाणपणाचे आहे.

उत्तर – महालातील आजी

बाळा, पुरस्कार तू कल्पनेत घे, शाल-श्रीफळ मात्र खरे आण आणि ते त्या दोघांना दे, म्हणजे सोहळा कोणाचा हा प्रश्नच उरणार नाही. भाषणाचा कागद मानपत्रासारखा सुवाच्य अक्षरांत लिहून चौकट करून घे. फक्त मानपत्रात असतात तशी ‘त्यागमूर्ती’, ‘प्रेमळ’ ही विशेषणे घालू नकोस. ती कोणालाही लागू पडतात, तुझ्या वहिनीचे रूप त्यांत कुठेच दिसणार नाही. वडिलांचे नाव सुरुवातीला घे, म्हणजे पुढे आवाज सावरायला वेळ मिळेल.

प्रश्नकर्ती – धरमपेठवासी

सर्वांची मी मनापासून ऋणी आहे. मधला भाग असा लिहिला आहे, कृपया वाचावा:

“दादा, माझ्या अंतिम परीक्षेच्या वेळी मे महिन्याचे ऊन होते. माझा पेपर सुटेपर्यंत तू केंद्राबाहेरच्या कडुनिंबाखाली डोक्याला दुपट्टा बांधून, खिशात कांदा ठेवून बसून राहायचास आणि पेपर कसा गेला हे एकदाही विचारायचा नाहीस. आधी पाण्याची बाटली पुढे करायचास. वहिनी, त्याच दिवसांत कूलरचा पंप बिघडला होता आणि दुरुस्तीचे पैसे माझ्या परीक्षेच्या शुल्कात गेले होते. मी रात्री अभ्यासाला बसले की तुम्ही मधूनमधून उठून तांब्याने कूलरच्या वाळ्यावर पाणी मारायच्या आणि सकाळी त्याविषयी अवाक्षरही काढायच्या नाहीत. मला झोप लागली आहे असे तुम्हाला वाटायचे, पण मी जागी असायचे. तुम्ही माझ्यासाठी सर्वस्व आहात.”

उत्तर – निवेदक, सिव्हिल लाइन्स

शेवटचे वाक्य काढून टाकावे. तांब्या आणि वाळा यांनी जे सांगितले ते ‘सर्वस्व’ या शब्दाने पातळ होते. ‘मी जागी असायचे’ इथेच थांबावे. हा भाग एकटीने मोठ्याने वाचून पाहावा आणि जिथे आवाज अडेल तिथे कागदावर खूण करून ठेवावी, म्हणजे त्या दिवशी घाई होणार नाही. शाल-श्रीफळाचे तबक एखाद्या भाचीच्या हाती आधीच देऊन तिला पहिल्या रांगेत बसवावे.